पाव टाकी पेट्रोल असूनही चढावर बंद पडणारी जुनी पिकअप

सपाटीवर गाडी झकास चालते. काटा पावाच्या आसपास आहे, म्हणजे अजून वीस-बावीस लिटर पेट्रोल असायला हवं. मग लांबचा चढ लागतो, गाडी दोन-तीन गचके खाते आणि बंद पडते. थोडा वेळ थांबून, सेल्फ मारून मारून कशीबशी सुरू होते आणि सपाट रस्ता आला की जणू काही झालंच नव्हतं अशी पळते. मेकॅनिक फ्युएल फिल्टर बदलतो, पंप बदलतो, कार्ब्युरेटर उघडून साफ करतो. आठ-दहा दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच.

ते आठ-दहा दिवस बरे का जातात, तिथेच खरी गोम आहे. दुरुस्तीनंतर माणूस टाकी फुल करून घेतो. टाकी भरलेली असेपर्यंत हा दोष दिसतच नाही, आणि त्याचं श्रेय नव्या पंपाला जातं. माझ्या १९७० सालच्या शेव्हरोले सी-१० वर मी असे दोन पंप आणि एक कार्ब्युरेटर किट खर्ची घातलं. दोष होता टाकीत. ती टाकी लहान नव्हती, उलट आधीपेक्षा मोठी होती.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९६७ ते १९७२ च्या सी-१० ला टाकी केबिनमध्ये, सीटच्या पाठीमागे उभी असते, साधारण २० गॅलनची. त्याच काळातल्या फोर्ड एफ-१०० लाही टाकी सीटमागेच. १९७३ पासून शेव्हरोले आणि जीएमसीच्या पिकअपमध्ये ती हौद्याखाली, चॅसिसच्या बाहेरच्या अंगाला गेली. बाजूने धडक बसली तर ती टाकी उघडी पडते यावरून अमेरिकेत मोठा वाद झाला आणि १९९४ च्या डिसेंबरमध्ये सरकार आणि या गाड्या बनवणारी जनरल मोटर्स (जीएम) कंपनी यांच्यात तडजोड झाली. त्यामुळे टाकी केबिनमधली असो की बाजूची, जुनी गाडी उभी करताना पुष्कळ जण ती काढतात आणि मागच्या ॲक्सलच्या पाठी, चॅसिसच्या दोन लांब पट्ट्यांच्या मध्ये आडवी टाकी बसवतात. मीही तेच केलं. डोक्यामागे पेट्रोल घेऊन बसायला नको, केबिनमधला वास जातो आणि सीट मागे सरकते. कारण योग्य होतं आणि आजही मी तेच करीन. मोठी टाकी म्हणजे जास्त पल्ला, हे मात्र मी तेव्हा धरूनच चाललो होतो.

प्रत्यक्ष मापं बघा. जुनी टाकी साधारण १३० सेंमी रुंद, पुढे-मागे फक्त २० सेंमी आणि उंची २९. म्हणजे सुमारे ७५-७६ लिटर. नवी टाकी पुढे-मागे ८० सेंमी, रुंदी ६० आणि उंची २०. म्हणजे ९६ लिटर. कागदावर २० लिटरांचा फायदा.

आता तळ बघा. नव्या टाकीचा तळ ८० गुणिले ६०, म्हणजे ४,८०० चौरस सेंमी. पेट्रोल ओढणारी नळी तळापासून २ सेंमी वर होती. त्या दोन सेंमीखालचं पेट्रोल इंजिनला कधीच मिळत नाही, आणि ते भरतं साडेनऊ लिटर. जुन्या टाकीचा तळ २,६०० चौरस सेंमी आणि नळी तळापासून जेमतेम १ सेंमी. वाया जाणारं पेट्रोल अडीच-पावणेतीन लिटर. हे सपाटीवर.

चढावर फरक फारच वाढतो. १० टक्के चढावर पेट्रोलची पातळी दर १० सेंमीला १ सेंमीने बदलते. नवी टाकी पाव भरलेली, म्हणजे सपाटीवर ५ सेंमी खोल. चढावर मागच्या भिंतीशी ती खोली ९ सेंमी होते आणि पुढच्या भिंतीशी फक्त १ सेंमी. माझी नळी पुढच्या भिंतीपासून १० सेंमीवर होती, तिथे खोली बरोबर २ सेंमी. म्हणजे नळीचं तोंड उघडं पडायला सुरुवात. टाकीत २४ लिटर पेट्रोल आणि इंजिनला हवा. जुनी टाकी पुढे-मागे २० सेंमीच होती, त्यामुळे तिच्यात याच चढावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २ सेंमीचाच फरक पडायचा. त्या टाकीवर गाडी चढावर कधी बंद पडली नाही त्याचं कारण एवढंच.

पेट्रोल तापून फुगायला ५ टक्के जागा वर मोकळी सोडावी लागते, तीही धरा. चढावरसुद्धा भरवशाने वापरता येईल असं पेट्रोल जुन्या टाकीत सुमारे ७० लिटर, नव्या टाकीत ६७. वीस लिटरांनी मोठी टाकी बसवून मी तीन लिटर घालवले होते. टाकीचं माप म्हणून लिटरचा आकडा बघू नका असं मी म्हणतो ते यामुळे. किती लिटर हाती लागतात ते बघा.

पण चढावर गाडी बंद पडली की दोष टाकीच्या आकाराचाच, असंही नाही. मी आता कुठलीही गाडी आली की आधी तीन गोष्टी विचारतो. काटा कुठे असताना बंद पडली? सपाटीवरही त्याच काट्याला पडते का? आणि पेट्रोलचं झाकण उघडल्यावर फुस्स आवाज आला का?

झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला तर टाकीला श्वास घ्यायला वाट नाही. पेट्रोल जातं तेवढी हवा आत यायला हवी, नाही तर पंप ओढून ओढून थकतो. पत्र्याची टाकी कधी कधी आत पोचाही येते. याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे झाकण. जुन्या टाक्यांच्या झाकणाला हवेचं छिद्र असायचं. अमेरिकेत १९७१ पासून (कॅलिफोर्नियात १९७० पासून) पेट्रोलची वाफ बाहेर सोडायची नाही असा नियम आला, आणि त्यानंतरच्या गाड्यांना बंद झाकण आणि वेगळी व्हेंट लाइन (हवेची नळी) आली. दिसायला दोन्ही झाकणं सारखीच. छिद्राच्या झाकणावर चालणाऱ्या टाकीला कुणी बंद झाकण लावलं की त्रास सुरू. तपासणी सोपी आहे: पुढचा चढ येण्याआधी सुरक्षित जागी थांबून झाकण एकदा सैल करून पुन्हा लावा. त्यानंतर गाडी विनातक्रार चढली तर उत्तर मिळालं. झाकण सैल ठेवून मात्र चालवू नका, वळणावर पेट्रोल सांडतं.

गाडी सपाटीवरही दर वेळी ठरावीक काट्याला बंद पडत असेल, समजा दर वेळी अर्ध्याच्या जरा खाली, तर टाकीतली नळी बाहेर काढून बघा. गंजून तिला मध्येच टाचणीएवढं भोक पडतं. पेट्रोल त्या भोकाच्या वर आहे तोवर सगळं ठीक. पातळी भोकाखाली गेली की पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो. हा दोष मी दोनदा पाहिला, आणि दोन्ही वेळा मालक "टाकी लहान पडते" म्हणून मोठी टाकी घ्यायला निघाला होता.

पेट्रोल किती आहे याच्याशी काही संबंध नाही, पण इंजिन तापल्यावर, रहदारीत रेंगाळल्यावर बंद पडते, तर ते व्हेपर लॉक, म्हणजे उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटणं. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या किंवा इंजिन ब्लॉकच्या फार जवळून जाते का ते बघा. टाकीला हात लावायची गरज नाही.

हे सगळं बाजूला पडलं आणि फक्त चढावर, फक्त कमी पेट्रोलमध्ये बंद पडते असं उरलं, तर टाकी मोजा. अंदाज नको, मोजाच.

मी हे असं केलं. टाकी पूर्ण रिकामी केली. हे काम उघड्यावर करायचं, खड्ड्यात किंवा बंद गॅरेजमध्ये नाही, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत साचून राहते. बॅटरी सोडवली, अग्निशामक जवळ ठेवला. मग पुढच्या चाकांखाली फळ्यांचा चढ केला. माझ्या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ११५ इंच, म्हणजे २९२ सेंमी. पुढची चाकं २९ सेंमी उचलली की घरच्या घरी १० टक्के चढ तयार होतो. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावली. टाकीत ४० लिटर मोजून ओतलं आणि इंजिनकडे जाणारी नळी काढून तिला हाताने दाबायचा रबरी पंप लावला. तो दाबत पेट्रोल मापाच्या डब्यात घेत गेलो. सोळा लिटर बाहेर आले आणि पंपातून गुळगुळ आवाज यायला लागला, धारेत बुडबुडे. बुडबुड्यांची धार बघितली तेव्हा दोन पंप आणि एक किट वाया का गेलं ते कळलं. टाकीत २४ लिटर तसेच उरले होते. गाडी पुन्हा सपाट केली आणि आणखी साडेचौदा लिटर निघाले. दोन तासांचं काम आहे, पण एकदा केलं की पुन्हा कुणाला विचारायला लागत नाही.

आता टाकी निवडायची कशी. उलट्या टोकाने सुरुवात करा: दोन भरण्यांच्या मध्ये तुम्हाला किती किलोमीटर जायचं आहे? गाडीचं खरं ॲव्हरेज काय? जुनी व्ही-८ (आठ सिलिंडरची) पिकअप कार्ब्युरेटरवर लिटरला ५ किलोमीटर देत असेल, तर ते वाईट समजू नका. समजा ३५० किलोमीटर हवेत आणि ६० किलोमीटरचा रिझर्व्ह. एकूण ४१० किलोमीटरला ८२ लिटर. त्यात न ओढलं जाणारं ४ लिटर मिळवा, झाले ८६. वर ५ टक्के मोकळी जागा धरली की सुमारे ९१ लिटर, म्हणजे २४ अमेरिकन गॅलन. इथे एक सावधगिरी: टाकी विकणारा गॅलन म्हणतो तेव्हा कुठला गॅलन ते विचारा. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा. २० गॅलनच्या टाकीत त्यामुळे पंधरा लिटरांचा फरक पडतो.

या हिशेबातला ४ लिटरांचा आकडा नळी योग्य जागी असेल तरच खरा ठरतो. माझ्यासारखी टाकी असेल तर तिथे २४ लिहावे लागतील, आणि मग तेवढ्याच पल्ल्यासाठी ११० लिटरांहून मोठी टाकी लागेल. ती हौद्याखाली मावणार नाही, आणि मावली तरी आणखी आडवी असेल, म्हणजे दोष आणखी वाढेल. पल्ला कमी पडतो म्हणून मोठी टाकी, मोठ्या टाकीने दोष वाढला म्हणून त्याहून मोठी, या फेऱ्यात अडकलेले लोक मी पाहिलेत. त्यांना कळकळीने सांगतो, आधी नळीची जागा बदला.

नळी कुठे हवी? चढावर आणि वेग घेताना पेट्रोल मागे धावतं, आणि इंजिनला सगळ्यात जास्त पेट्रोल नेमकं तेव्हाच लागतं. उतारावर आणि ब्रेक मारताना ते पुढे जातं, पण तेव्हा इंजिनची मागणी नगण्य असते. म्हणून नळीचं तोंड टाकीच्या मध्यापासून जरा मागे आणि रुंदीच्या बरोबर मध्यावर. पुढच्या भिंतीशी कधीच नाही. बाजारातल्या तयार टाक्यांत नळी पुष्कळदा पुढे असते, कारण पाइप तिथून जोडायला सोयीचं पडतं. घेण्याआधी वरच्या झाकणातून आत बघा, किंवा बांधणाऱ्याला आतली नळी कुठे संपते ते विचारा. उत्तर देता आलं नाही तर ती टाकी घेऊ नका.

आत आडव्या पट्ट्या हव्यात, तळाशी कोपऱ्यांना छोट्या फटी ठेवलेल्या. त्यामुळे पेट्रोल एकदम एका टोकाला धावत नाही. मात्र लांबच्या चढावर या पट्ट्या फार कामाच्या नाहीत, कारण फटींतून पेट्रोल हळूहळू मागे जाऊन पातळी साधतंच. तिथे उपयोगी पडते ती नळीभोवतालची वाटी. तळाशी बसवलेलं लिटरभराचं भांडं, ज्यात पेट्रोल आत येतं पण सहज बाहेर जात नाही. कडक चढावर लिटरला २ किलोमीटर आणि वेग ४० धरला तर इंजिन तासाला २० लिटर खातं, मिनिटाला एक तृतीयांश लिटर. म्हणजे वाटीतलं एक लिटर तीन मिनिटं पुरतं. बहुतेक वळणं आणि चढाचे टप्पे त्यात निभावून जातात. फ्युएल इंजेक्शन बसवणार असाल तर वाटी लागणारच. कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये थोडं पेट्रोल साठलेलं असतं, ते क्षणभराची हवा पोटात घेतं. इंजेक्शनमध्ये पंपाने हवा ओढली की दाब लगेच पडतो आणि गाडी त्याच क्षणी झटका देते.

टाकी बदलली की काटा चुकतो, आणि चुकलेला काटा हा वेगळाच त्रास. टाकीतला सेंडर (पेट्रोलची पातळी काट्याला कळवणारा भाग) आणि डॅशबोर्डवरचा काटा एकाच जातीचे हवेत. १९६५ पासूनच्या जीएम गाड्यांत सेंडरचा विजेचा रोध रिकाम्याला ० आणि भरलेल्याला ९० ओहम. त्याआधीच्या गाड्यांत ० ते ३०. १९८७ च्या आधीच्या फोर्डमध्ये उलटं, रिकाम्याला ७३ आणि भरलेल्याला १०. बाहेर तयार मिळणारे बरेच सेंडर रिकाम्याला २४० आणि भरलेल्याला ३३ असतात. ३० च्या जुन्या काट्याला ९० चा सेंडर जोडला, तर टाकी एक तृतीयांश उरेपर्यंत काटा फुल दाखवत राहतो आणि मग भराभर खाली येतो. "पेट्रोल अचानक संपतं" ही तक्रार पुष्कळदा इथूनच येते. जीएमच्या गाडीत काटा फुलच्याही पलीकडे जाऊन बसला असेल तर सेंडरचं अर्थिंग तपासा. हौद्याखालच्या टाकीला रबरी पट्ट्या लावून बसवतात, त्यामुळे टाकीला चॅसिसचा अर्थ मिळतच नाही. वेगळी वायर ओढा. फोर्डमध्ये तोच अर्थिंगचा दोष काटा रिकाम्याकडे नेतो. आणि सेंडरच्या फ्लोटचा (पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाचा) दांडा टाकीच्या उंचीला जुळतो ना तेही बघा. २९ सेंमी उंच टाकीचा दांडा २० सेंमीच्या टाकीत मोकळेपणी फिरू शकत नाही.

फोर्ड एफ-१०० वाल्यांसाठी एक सोय आहे. १९६५ ते १९६८ च्या मस्टँगची टाकी, १६ गॅलनची, हौद्याखाली बसवण्याचा प्रकार बराच रूढ आहे. तिचा सेंडर फोर्डच्याच ओहमचा, त्यामुळे काटा बदलावा लागत नाही. पण १६ गॅलन म्हणजे ६० लिटर, आणि लिटरला पाचच्या हिशेबाने ती लांबच्या प्रवासाला अपुरी आहे. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला उत्तम.

वजनाचा बाऊ करू नका. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो, त्यामुळे ९० लिटर म्हणजे ६५ ते ७० किलो. रिकाम्या पिकअपचं तोंड जड आणि मागचा भाग हलका असतो, त्यामुळे मागे एवढं वजन उलट बरंच. ॲक्सल खड्ड्यात वर उसळतो तेव्हा टाकीला लागत नाही ना, हे मात्र पाटे पूर्ण दाबलेल्या स्थितीत तपासा. सायलेन्सरचा पाइप जवळून जात असेल तर मध्ये पत्र्याची आड हवी. टाकी चॅसिसच्या मागच्या आडव्या पट्टीच्या पुढे राहील एवढीच लांबी घ्या. तिच्या बाहेर डोकावणारी टाकी मागून धडक बसली की पहिली चेपते.

भरताना पंपाची बंदूक सारखी टक्‌ टक्‌ करून बंद होत असेल तर भरायच्या नळीत झोळ आहे. नळी भरण्याच्या तोंडापासून टाकीपर्यंत सतत उतरती हवी. मध्ये झोळ राहिला की त्यात पेट्रोल साचतं, आतली हवा बाहेर येत नाही आणि ९६ लिटरांची टाकी ७० ला फुल वाटते. हवेची बारीक नळीही तशीच वर चढती ठेवा, आणि टाकीच्या माथ्याहून उंच नेऊन वळवा.

माझ्या गाडीत शेवटी टाकी तीच राहिली. वापरलेली टाकी कितीही धुतली तरी तिच्या सांध्यांत वाफ राहते, म्हणून वेल्डिंगचं काम टाक्या बांधणाऱ्या जाणकाराकडूनच करून घेतलं. नळी मध्याच्या मागे सरकवली, तोंड तळापासून १ सेंमीवर आणलं, भोवती लिटरभराची वाटी बसवली. फळ्यांच्या चढावर पुन्हा तीच चाचणी केली. ४० लिटर ओतले, ३६ बाहेर आले. काटा कुठे असताना दहा लिटर उरतात ते त्याच दिवशी बघून घेतलं आणि मीटरच्या काचेवर नखाएवढी लाल पट्टी चिकटवली.